स्टॅटिक आयपी घ्यावा की आयपीव्ही ६ चालू करावे?

घरच्या कॅमेऱ्यापर्यंत किंवा नॅसपर्यंत (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, फाइल साठवायच्या पेटीपर्यंत) बाहेरून पोहोचायचे, तर दोन वाटा आहेत: ब्रॉडबँडवाल्याला जादा पैसे देऊन आयपीव्ही ४चा, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीतला, स्टॅटिक (न बदलणारा) पत्ता घ्यायचा, नाहीतर आयपीव्ही ६ ही भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत चालू करायची. मी दोन्ही वापरले आहे.

गेल्या वर्षी आईला परळला डॉक्टरांकडे नेले होते. तिचे जुने रिपोर्ट मुलुंडला घरी, नॅसवर. फोनवर काही केल्या उघडेनात. आदल्या दोन रात्री जागून मी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरने नॅसकडे वळवण्याची सोय) केले होते आणि त्यात चूकही नव्हती. पण राउटरचा वॅन पत्ता (कंपनीकडून त्याला मिळालेला) १००.७२ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सीजीनॅटसाठी, म्हणजे कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्यासाठी, राखलेला आहे. म्हणजे बाहेर दिसणारा पत्ता माझ्या एकट्याचा नव्हताच, अनेक घरांत मिळून एक. अशा वेळी आपल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून येणारी जोडणी कंपनीकडेच अडते. शेवटी शेजारच्या काकांना कुलूप उघडून कागदी फाइलचे फोटो पाठवायला सांगितले. आई डॉक्टरांसमोर ताटकळत बसली होती, ते मला फार लागले.

स्टॅटिक पत्ता घेतला आणि त्याच दिवशी काम झाले, हे मान्य करायला हवे. जुन्या कॅमेऱ्यालाही तो चालतो. पण ३२ बिटांत जेमतेम ४३० कोटी पत्ते बसतात आणि जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्येच वाटून संपला. त्या टंचाईचे भाडे दरमहा भरणे मला पटेना.

आता सहा महिने आयपीव्ही ६ आहे. नॅसला स्वतःचा पत्ता आहे, लोकलमधून मोबाइल डेटावर फाइल उघडते. जिओने तर २०१६पासूनच मोबाइलवर ते दिले आहे. कटकटी आहेत: वीज गेली की माझा प्रीफिक्स (पत्त्याचा कंपनीने दिलेला सुरुवातीचा भाग) बदलतो, म्हणून डायनॅमिक डीएनएसमध्ये (बदलता पत्ता एका कायम नावाला जोडून ठेवणाऱ्या सेवेत) एएएए नोंद, म्हणजे आयपीव्ही ६ पत्त्याची नोंद, ठेवावी लागली. फायरवॉल (बाहेरच्या नको त्या जोडण्या अडवणारी राउटरमधली सोय) सरसकट बंद करू नका. नॅसपुरते एकच पोर्ट उघडा.

ऑफिसच्या नेटवर्कवर फक्त आयपीव्ही ४ असेल आणि तिथूनच घर गाठायचे असेल, तर स्टॅटिक घेणेच बरे. बाकीच्यांनी, माझ्या मते, पैसे भरण्याआधी ग्राहकसेवेला फोन करून आयपीव्ही ६ मागावे. आपण मागितल्याशिवाय ते सुरू होईलच असे नाही. मला पहिल्या दोघांनी नाही म्हटले. तिसऱ्याने दहा मिनिटांत चालू करून दिले.