कोको बाइंडिंग्ज: आठ महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत, द्राक्षाचा सीझन ऐन भरात असताना पिंपळगावहून मामांचा फोन आला. "अरे, काट्याचं वजन समोर दिसतंय, पण यादीत सगळ्या पेट्या शून्य."

पॅकहाऊसचं अ‍ॅप मी ऑगस्टमध्ये नाशिकला घरीच केलं. जुना मॅक मिनी पडून होता, लायब्ररीवर पैसे घालायचे नव्हते. कोको बाइंडिंग्ज, म्हणजे पडद्यावरचं फील्ड आणि मागची नोंद जवळपास कोडशिवाय जोडणारी अ‍ॅपलची सोय, तर 2003 च्या पँथर या मॅक ओएसपासून फुकट आहे. टेबल, नोंदींची यादी सांभाळणारा अ‍ॅरे कंट्रोलर, खाली वजनाचं फील्ड. कोड जवळपास नाहीच. डिसेंबरपर्यंत मी बेहद्द खूश होतो.

जानेवारीत काटा जोडला. रीडिंग आलं की मी ते कोडमधून थेट फील्डमध्ये लिहीत होतो. फील्डमध्ये 4.5, पेटीच्या नोंदीत 0. तेच 4.5 हाताने टाइप करून टॅब दाबला की नोंद बरोबर! दोन रात्री काट्याची वायर तपासण्यात गेल्या. मामींनी त्या दिवसाच्या पेट्या वहीवरून पुन्हा भरल्या, याचं मला फार वाईट वाटलं. बाइंडिंग्ज काढूनच टाकायची ठरवली होती.

मग एक्सकोडमधला इन्स्पेक्टर, म्हणजे काय कशाला जोडलंय ते दाखवणारं पॅनल, शांतपणे पाहिलं. 'बाइंड टू'ची खूण फील्डवर आहे. कंट्रोलर निवडला तर तिथे फील्डचा मागमूस नाही. म्हणजे फील्ड कंट्रोलरच्या सिलेक्शनवर नजर ठेवतं आणि कंट्रोलर पेटीवर. उलटी वाट आहे, पण ती माणसाने टाइप केलं तरच चालते. कोडने फील्डचा मजकूर बदलला तर पुढे कुणालाच कळत नाही. दोष माझा होता. रीडिंग पेटीच्या ऑब्जेक्टला दिलं, तिथली प्रॉपर्टी डायनॅमिक (बदलली की कळवणारी) केली, आणि फील्ड आपोआप बदलायला लागलं.

राग राहिलाय तो की-पाथचा, म्हणजे कोणती प्रॉपर्टी जोडायची ते सांगणाऱ्या टाइप केलेल्या नावाचा. एक अक्षर चुकलं तरी कंपायलर गप्प, आणि अ‍ॅप कोसळतं ते चालू असताना, काम करणाऱ्या माणसासमोर. इतक्या वर्षांत एवढं तरी सुधारायला हवं होतं.

दुसरं, वजन टाइप करून लगेच 'जतन' दाबलं की शेवटचा आकडा राहून जातो. मॅकवर बटण दाबल्याने फील्डचं एडिटिंग संपत नाही, म्हणून बटणाच्या कोडमध्ये आधी कंट्रोलरला कमिट एडिटिंग (अर्धवट टायपिंग पक्कं कर) सांगावं लागतं. माझ्याकडे ते केलंय. मामांच्या मशीनवर टाकायला रविवारी पिंपळगावला जातोय.