स्पिंडल कंट्रोलचा फॉल्ट शोधायला मल्टीमीटर की टू-पोल टेस्टर?

रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला नवीन लागलेली पोरं विचारतात, पहिल्या पगारात काय घेऊ? माझ्या बॅगेत दोन्ही आहेत, पण पॅनल उघडल्यावर हात आधी टेस्टरकडे जातो, म्हणजे दोन प्रोबच्या, दिव्यांवर व्होल्टेज दाखवणाऱ्या साधनाकडे.

त्याला कारण एक लेथ. स्पिंडल, म्हणजे जॉब फिरवणारा दांडा, फॉरवर्ड चालायचं, रिव्हर्स नाही. कंट्रोल ११० व्होल्टचा. रिव्हर्स कॉन्टॅक्टरच्या (कॉइलने ओढला जाणारा, मोटर चालू करणारा स्विच) ए१ ची, म्हणजे कॉइलच्या टर्मिनलची, वायर सोडून मल्टीमीटर लावला, तर १०८. सप्लाय येतोय म्हणजे कॉन्टॅक्टरच गेला, असं धरून तो बदलला. तरी ओढेना. पुन्हा वायर सोडली, पुन्हा १०८! अर्धी शिफ्ट त्यात गेली. शेवटी शेजारच्या गाळ्यातले एक जुने मिस्त्री टू-पोल टेस्टर घेऊन आले. प्रोब लावून त्यांनी दोन्ही लोड बटणं दाबली, म्हणजे टेस्टर कॉइलसारखा करंट ओढायला लागला, तसे दिवे विझले. फॉरवर्ड कॉन्टॅक्टरचा इंटरलॉक, म्हणजे फॉरवर्ड चालू असताना रिव्हर्सची वाट तोडणारा २१-२२ चा एनसी (एरवी बंद राहणारा) कॉन्टॅक्ट, कार्बन धरून बसला होता. डिजिटल मीटरचा इनपुट साधारण १० मेगाओहमचा, त्याला असल्या कॉन्टॅक्टमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. कॉइलने करंट मागितला की ते सगळं त्या कार्बनवरच पडतं. कॉइल जोडलेली ठेवून, मशीनचं रिव्हर्स बटण दाबून मोजलं असतं तर मीटरनेही खरं सांगितलं असतं, हे मान्य. पण घाईत वायर सुटतेच.

लो-झेड मोडचा, म्हणजे इनपुटचा रेझिस्टन्स कमी करता येणारा, मीटर घ्या, असं कुणी म्हणेल. चांगला आहे, फक्त नॉब फिरवायची आठवण राहिली पाहिजे. माझी राहत नाही.

व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड बदलणारी ड्राइव्ह, आली की मात्र टेस्टर बाजूला ठेवायचा. शून्य ते दहा व्होल्टचा स्पीड रेफरन्स नेमका किती येतोय ते मीटरच सांगतो. मेन बंद केल्यावर डीसी बस, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं साठलेलं डीसी व्होल्टेज, खरंच उतरली का, हेही मी आकड्यातच बघतो. ४१५ व्होल्टच्या लाइनवर तिथे ५८५ व्होल्टच्या आसपास असतात. पीएलसीच्या (मशीनचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) आउटपुटवर किंवा ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर लोड बटण दाबू नका. फेज आणि अर्थमध्ये दाबलं तर ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे अर्थला करंट गळला की सप्लाय तोडणारा ब्रेकर, पडेल.

तुमच्याकडे सगळी सीएनसीच असतील तर कदाचित आधी मीटर घेणं बरं. कॉन्टॅक्टरवरची जुनी मशिन्स असतील तर मी म्हणेन, टेस्टर घ्या. त्यावर कॅट ३, ६०० व्होल्ट हा सुरक्षेचा दर्जा छापलेला आहे ना, तेवढं बघून घ्या.