साउंड डिकोडर म्हणून इंजिनात एमपी थ्री प्लेअर घालून दिला, बेळगाव-निपाणी-खानापूरवाल्यांनी वाचाच

मॉडेल ट्रेनचा नाद असलेली माणसं आपल्या भागात बोटावर मोजण्याइतकी. त्यात इंजिन डीसीसीवर (रुळातनंच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम द्यायची पद्धत) करून साउंड डिकोडर, म्हणजे तो हुकूम वाचून मोटर आणि आवाज चालवणारा छोटा बोर्ड, बसवून देणारा जवळपास कोणीच नाही, त्यामुळं सगळे ऑनलाइन शोधतात, आणि नेमकी हीच अडचण ओळखून एकजण धंदा करायलाय. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. पण काम कसं करतो ते सगळं सांगतो, म्हणजे भेटला की ओळखाल.

माझं इंजिन म्हणजे एचओ स्केलची (खऱ्याच्या १/८७ मापाची) डब्ल्यूडीएम-२, रेल्वेचं जुनं अल्को बनावटीचं डिझेल इंजिन. सहा ॲक्सलची जुनी अमेरिकन चॅसी, वर थ्रीडी प्रिंटची बॉडी, रंग मी स्वतः दिलेला. टिळकवाडीत रेल्वे गेटपाशी उभं राहून लहानपणापासून गाड्या बघितलेल्या माणसाला अल्कोचा आवाज म्हणजे काय ते सांगायला नको. १६ सिलिंडरचं २५१बी इंजिन, आयडलला थांबलं तरी धडधड पोटात जाणवायची. हुबळी शेडच्या ईएमडींचा, म्हणजे नंतरच्या दुसऱ्या बनावटीच्या डिझेल इंजिनांचा, आवाज वेगळा, ते टू-स्ट्रोक, हे फोर-स्ट्रोक. तर मला तो अल्कोचाच आवाज पाहिजे होता, आणि हे मी त्याला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

तो म्हणाला, "काका, लोकसाउंड ५ घालतो, ओरिजिनल जर्मन, आवाज मी स्वतः शेडमध्ये रेकॉर्ड केलाय, वर शुगर क्यूब म्हणजे साखरेच्या खड्याएवढा स्पीकर आणि स्टे-अलाइव्ह, म्हणजे करंट साठवणारा कपॅसिटर, रुळावर धूळ असली तरी इंजिन अडकणार नाही." भाव सांगितला अठरा हजार. अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर व्हिडिओ बघून. बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी वर लागेल, कशाला उगाच. व्हिडिओ आला, इंजिन मस्त पळतंय, आवाज झकास, उरलेले पैसे यूपीआयनं गेले, कुरिअर आलं.

रुळावर ठेवलं, बटण दाबलं, इंजिन स्टार्ट झाल्याचा आवाज आला, आयडल आला, छान वाटलं. मग थ्रॉटल वाढवला तर आवाज तसाच. गाडी थांबवली तरी आतलं इंजिन आपलं सुसाट नॉच आठला (थ्रॉटलच्या सगळ्यात वरच्या पायरीला) पोचलेलं, आणि मधेच आपोआप हॉर्न. हॉर्नचं बटण दाबलं तर काहीच नाही. त्याला फोन केला तर "फंक्शन मॅपिंग बाकी आहे काका, हे सीव्ही बदला" म्हणून आकड्यांची लांबलचक यादी पाठवली. सीव्ही म्हणजे डिकोडरच्या आतली नंबर दिलेली सेटिंगं, आणि मॅपिंग म्हणजे कुठल्या बटणाला काय वाजायचं ते ठरवणं. ते सगळं भरत बसलो की माणूस दमतो आणि गप्प बसतो, हा त्याचा हिशोब.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडं कोणी साउंड बसवून दिलेलं इंजिन असेल तर ते प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंगं वाचायला-बदलायला ठेवलेला रुळाचा वेगळा तुकडा) ठेवा आणि सीव्ही ८ वाचा. फक्त वाचा, तिथं काही लिहू नका, कारण बऱ्याच डिकोडरांत त्या सीव्हीत ८ लिहिलं की सगळं रीसेट होतं. सीव्ही ८ मध्ये बनवणाऱ्या कंपनीचा नंबर असतो, हे नंबर एनएमआरए ह्या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या यादीत ठरलेले आहेत. लोकसाउंड बनवणाऱ्या ईएसयूचा १५१, झिमोचा १४५, साउंडट्रॅक्सचा १४१. माझ्यात १३ आला. १३ म्हणजे घरगुती, स्वतः बनवलेल्या डिकोडरांसाठी ठेवलेला नंबर. तिथंच डोकं सणकलं माझं.

उद्यमबागेत लेथवर काम करणारा आमचा एक मित्र आहे, हात त्याचा स्थिर, त्याच्यासमोरच बॉडी उघडली आणि उघडतानाचा व्हिडिओ काढला (तुम्हीही काढा, पुढं तोच पुरावा होतोय). आत काय, तर एक साधा बिनआवाजाचा डिकोडर. त्याच्या निळ्या आणि हिरव्या वायरीवर, म्हणजे कॉमन प्लस आणि जादा फंक्शनवर, एक एमपी थ्री प्लेअरचं मॉड्यूल जोडलेलं, मेमरी कार्डासकट. असली मॉड्यूलं दीड-दोनशे रुपयाला मिळतात. बटण दाबलं की हिरव्या वायरीतनं त्याला करंट जातो आणि फाईल पहिल्यापासनं वाजायला लागते. स्टार्ट, आयडल, नॉच, हॉर्न, परत पहिल्यापासनं. मोटरचा आणि आवाजाचा संबंधच नाही. खऱ्या साउंड डिकोडरात एकच बोर्ड मोटर आणि आवाज दोन्ही सांभाळतोय, म्हणून तर थ्रॉटल दिला की आधी इंजिन फुगतं आणि मग चाक हलतं, बंद केला की आवाज खाली येतो.

स्पीकर शुगर क्यूबच होता, पण मागची डबी नाही, नुसता चिकटवलेला. स्पीकरच्या मागनं निघणारा आवाज पुढच्या आवाजाला मारतो, म्हणून हवाबंद डबी लागतीच. आणि स्टे-अलाइव्ह? कपॅसिटर होता की! काळ्या नळीत व्यवस्थित गुंडाळलेला. त्याच्या दोन वायरी टेपखाली गेलेल्या, टेप काढली तर पुढं काहीच नाही, कापून तशाच चिकटवलेल्या. लग्नात रिकाम्या पाकिटाला रुपयाचं नाणं चिकटवून आहेर करावा तसला प्रकार. मित्र हसून हसून बेजार झाला, मला काय हसायला येईना.

फोन केला तर आधी आवाज चढवला, मग म्हणाला, "तुम्ही कर्नाटकातले, मी महाराष्ट्रातला, केस कुठं करणार? कोल्हापूरला खेटे घालाल, परवडंल का?" हे वाक्य त्यानं सहज म्हटलं नाही, आपल्या भागातल्या अजून दोघांनाही त्यानं हेच ऐकवलंय असं नंतर कळलं. बॉर्डरवरच्या माणसाला निम्मं आयुष्य ऑफिस कुठलं, भाषा कुठली ह्यातच जातंय, त्यामुळं तो घाबरतोय, हे ह्याला पक्कं माहीत.

तर ऐका, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण जिथं राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठल्या का राज्यात असेना. ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. मी बेळगावलाच केली. शेजारच्या मास्तरांनी कागद कन्नडात नीट लिहून दिले, त्यांना डिकोडर म्हणजे काय ते समजावतानाच जास्त वेळ गेला. आधी काही विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा, पैसे त्याच्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. माझे तवर कधीच निघून गेले होते.

पुढं कोणाला काम द्यायचंच असेल तर सांगा की बॉडी बंद करायच्या आधी डिकोडरचा जवळनं फोटो पाठव. २१ पिनवाला लोकसाउंड ५ साधारण ३० मिमी लांब असतो, नाव बोर्डावरच छापलेलं असतं. व्हिडिओत सीव्ही ८ वाचून दाखव म्हणा, आणि गाडी चालू असताना मी सांगीन तेव्हा थांबव, मी सांगीन तेव्हा हॉर्न दे, असा व्हिडिओ कॉल करा. नुसत्या आलेल्या व्हिडिओवर आवाज वरनं टाकता येतोय. जो खरा कारागीर आहे त्याला ह्यात राग यायचं कारण नाही, मी आता ज्याच्याकडनं काम करून घेतोय त्यानं तर न मागता सगळं दाखवलं.

नोटीस गेल्यावर त्याचा सूर बदललाय, "काका, पाच हजार घ्या आणि मिटवा." मी नाही म्हटलंय. जुना नंबर बंद करून आता नव्या नंबरवर तो डब्ल्यूएपी-४ ह्या इलेक्ट्रिक इंजिनाचं साउंड अपग्रेड विकायला लागलाय. व्हिडिओ कोणाला आला तर कान देऊन ऐका, गाडी इलेक्ट्रिक आहे आणि आत अल्को आयडलला धडधडतोय.