आजोबांची रायफल मी पंधरा हजारांत घालवली

घरात वडिलोपार्जित रायफल आहे, पण ती नेमकी कोणती हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आधी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता यायची, ती दोनवर आली. तिसरं वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं होतं. माझ्याकडे बारा बोअरची दुनळी, एक रिव्हॉल्व्हर आणि आजोबांची रायफल. परवान्याच्या पुस्तकात रायफलची नोंद एवढीच: ‘६.५ एमएम रायफल’ आणि पुढे नंबर. कंपनीचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं. त्यात कोरोनाचं वर्ष. मुदत संपायला महिना उरला तेव्हा मी ती जिल्ह्याच्या गावी एका दुकानदाराकडे घेऊन गेलो.

माणूस वयाने मोठा, बोलायला गोड. चहा मागवला, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) दोन-तीनदा मागेपुढे केला आणि म्हणाला, “साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण ही कंपनीची नाही. लष्करी रायफल घेऊन कुणीतरी जोडकाम केलंय.” मग कपाटातून एक जुनी माउझर (जर्मन बनावटीची रायफल) काढून शेजारी ठेवली. माउझरच्या बोल्टवरून जाणारी पोलादी कमान अखंड होती आणि बोल्टचा दांडा तिच्या मागे बसत होता. आमच्या रायफलची कमान मधोमध चिरलेली, दांडा त्या फटीतून पुढे जाणारा. “हे बघा, कापलंय.” लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत होतं, म्हणजे म्हणे लष्करी दस्ता. चाप दोन होते. मागचा ओढला की ‘टक्’ व्हायचं आणि मग पुढचा बोट लागताच सुटायचा. “हा बेकायदेशीर फेरफार, तपासणीत तुम्हीच अडकाल.” शेवटी त्याने आतलं एक बटण दाबलं, तशी त्यानेच भरलेली नकली काडतुसं भराभर बाहेर पडली. “मॅगझिनची, म्हणजे काडतुसांच्या कप्प्याची, स्प्रिंगही गेलीय.”

तेव्हा माझ्या पोटात कालवलं होतं. कारण ते बटण मला माहीत होतं. मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबा ओसरीवर रायफल पुसायला बसायचे, शिवणयंत्राच्या तेलाचा वास यायचा. ते मला ओंजळ धरायला लावायचे आणि बटण दाबायचे. लांबुडकी, गोल टोकाची काडतुसं एकामागून एक ओंजळीत घरंगळत यायची. स्प्रिंग गेलेली नव्हती, ते तसंच बनवलेलं होतं. मला हे ठाऊक असूनही मी गप्प बसलो. पंधरा हजार घेतले, ‘जुनी, जोडकाम केलेली रायफल’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली.

पुढच्या वर्षी चुलतभावाच्या सासऱ्यांना मोबाइलमधला फोटो दाखवला. ते सैन्यात शस्त्रदुरुस्तीच्या कामावर होते. फोटो मोठा करून ते बराच वेळ बघत राहिले. “कापलेली कुठे? ही मानलिखर-शोनाउअर आहे. ऑस्ट्रियातल्या स्टायर गावची.” त्यांनी जे सांगितलं त्याने मला दोन रात्री झोप आली नाही. चिरलेली कमान हीच तिची पहिली ओळख. नळीच्या टोकापर्यंतचं लाकूड आणि त्यावर पोलादी टोपी ही १९०३ सालच्या आखूड नळीच्या मॉडेलची ठेवण. लोण्याच्या सुरीसारखा चपटा दांडा, नेम धरून हलका बार काढण्यासाठीचे दोन चाप, आणि आत फिरणाऱ्या रिळावर पाच काडतुसं बसवणारं मॅगझिन, जे बटण दाबल्यावर रिकामं होतं. माउझरमध्ये काडतुसं पेटीत डावी-उजवीकडे एकमेकांवर रचलेली असतात, तिथे रीळ नसतंच. म्हणजे दुकानदाराने खोट म्हणून बोट ठेवलं ती एकूण एक खूण अस्सलपणाची होती. ती त्याला दिसत नव्हती असं मी मानायला तयार नाही. शेजारी नेमकी माउझर ठेवायचं त्याला बरोबर सुचलं होतं.

त्याचं एक म्हणणं खरं होतं, ६.५ ची काडतुसं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. पण परदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला बंद आहे, म्हणून जुन्या चांगल्या रायफलींना इथे मोठी किंमत येते. दुसऱ्या एका दुकानात तशाच रायफलीचा भाव दोन लाखांच्या पुढे सांगितला. मी पहिल्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “साहेब, सही तुमचीच आहे.” रायफल तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती.

दुकानात नेण्याआधी तेलाचा थर पुसा आणि नळीच्या मुळाशी, कमानीवर, बोल्टवर कोरलेलं प्रत्येक अक्षर भिंगाखाली वाचा. आमच्या रायफलवर ‘स्टायर’ कोरलेलं होतं, मी चाळीस वर्षांत वाचलं नाही. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. शस्त्र जमा करायची वेळ आली तरी फक्त जमा करा आणि जमा केल्याची पावती घ्या, विक्रीच्या कागदाला हात लावू नका. ४५ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकता येतं, हे मला त्या दुकानात कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कसं!

दस्त्याच्या मागच्या पोलादी पट्टीला एक लहान झाकण आहे. आत नळी साफ करायच्या गजाचे तुकडे ठेवायची भोकं आहेत, ती आता रिकामी असतील. ते तुकडे आजोबांच्या पेटीत राहिले, माझ्याकडे आहेत. ज्यांच्याकडे ती रायफल आज आहे त्यांनी झाकण उघडून बघावं आणि मला कळवावं. मी ते स्वतः आणून देईन.