मनाच्या दुखण्यावर संवाद की शरीराचा सराव?
वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी घरांत मन दुखावले की अजूनही "देवाचे नाव घ्या" असेच सांगितले जाते. त्यापलीकडे येथे आज दोन वाटा समोर येतात. पहिली संवादाची. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत "सासूबाई गप्प आहेत, म्हणजे माझ्यावर रागावल्या आहेत" यासारखा विचार वहीत लिहून त्याला पुरावा काय, हे समुपदेशकासोबत तपासले जाते, आणि नात्यांतील गैरसमजांसाठी मला हीच वाट अधिक उपयोगी वाटते. दुसरी शरीराची. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांच्या स्नायू-शिथिलीकरणात मूठ काही सेकंद घट्ट आवळून सावकाश सोडायची, मग खांदे, मग जबडा. वरणभात जेवतानाही आपले दात आवळलेले असतात, हे मला या सरावातच प्रथम कळले (दंतवैद्यांनी आधी सांगितले होते, ते सोडा). शब्दच सुचत नाहीत अशा दिवशी येथून सुरुवात करणे सोपे जाते. मात्र जुना मानसिक आघात असल्यास डोळे मिटून शरीराकडे लक्ष देताना अस्वस्थता वाढू शकते, म्हणून तेव्हा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ सोबत असावा. शुल्क परवडत नसेल, तर 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.