भाव तोळ्याचा नव्हता, ग्रॅमचा होता

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या काकू गुडघ्याचं औषध घेऊन आल्या. पांढरा प्लास्टिकचा डबा, आत तेलात बुडवलेला कुटलेला पाला आणि मुळं, झाकणावर ना नाव ना गाव. डबा बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला. तसाच एक डबा गेलं दीड वर्ष माझ्या कपाटात आहे. काकूंनी अकरा हजार दिले, मी अठरा हजार चारशे दिले होते. त्यांचे गुडघे, माझे केस. बाकी सगळं तेच. इतके दिवस लाजेपोटी मी घराबाहेर कोणाला बोलले नाही. बोलले असते तर काकू वाचल्या असत्या. म्हणून आता काही हातचं न राखता लिहिते आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात मला डेंग्यू झाला. पाच दिवस दवाखान्यात होते. बरी होऊन कामावर रुजू झाले आणि जानेवारीत केस गळायला लागले. न्हाणीच्या जाळीवर रोज एक पुंजका, उशीवर केस, पोळीत केस निघाला म्हणून मुलानं ताट बाजूला सारलं तो दिवस मला अजून आठवतो. वेणी बोटाएवढी झाली, भांग रुंद दिसायला लागला. कांद्याचा रस झाला, भिजवलेल्या मेथ्या झाल्या, जास्वंदीची फुलं झाली. फेब्रुवारीत नणंदेच्या मुलीचं लग्न होतं आणि मला आरशासमोर उभं राहायची भीती वाटत होती. हे सांगते कारण माणूस अशा मनःस्थितीत असतानाच हे फसवणारे लोक त्याला गाठतात.

पुण्यातल्या एका मंडईजवळच्या बसथांब्यावर मी उभी होते. पन्नाशीच्या एक बाई शेजारी येऊन थांबल्या. काठाची सुती साडी, हातात कापडी पिशवी, तिच्यातून मेथीची जुडी बाहेर आलेली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण आजारी होतात का? केस फार गेलेत तुमचे. माझ्या सुनेचं अगदी असंच झालं होतं." मी काही बोलायच्या आत त्यांनी मोबाइलवर सुनेचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. मग सुनेला फोन लावला, "अगं, त्या औषधाचं नाव काय गं?" आणि तिनं सांगितलेली नावं मला चिठ्ठीवर लिहून दिली. वर म्हणाल्या, "कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळेल. इथे मागच्या गल्लीत एक आहे, मी तिथूनच आणते."

त्या आपणहून दुकानापर्यंत आल्या. भाजी घेऊन निघालेली एक गृहिणी माझ्यासाठी वाट वाकडी करून येते आहे, याचंच मला भरून आलं.

दुकानात धन्वंतरीची तसबीर, उदबत्ती, बरण्यांच्या रांगा. गल्ल्यावरच्या माणसानं आधी मला परतच पाठवलं. म्हणाला, "आमच्याकडे तेल नाही. अर्धा लिटर खोबरेल तुम्ही बाहेरून आणा, चांगल्या कंपनीचं आणा." इथेच मी पुरती विश्वासात आले. फसवायचं असतं तर त्यानं स्वतःचंच तेल गळ्यात मारलं असतं, असं मला वाटलं. काकूंनाही तिळाचं तेल बाहेरून आणायला लावलं होतं. हा त्यांच्या पद्धतीतला ठरलेला भाग आहे.

मग एकेक बरणी उघडायला लागला. माका, वीस रुपये. जटामांसी, साठ. एक पांढरी भुकटी, ती म्हणे मोत्याच्या शिंपल्याचं भस्म, एकशे चाळीस. एक पिवळट मूळ, त्याचं नाव मला नीट ऐकूही आलं नाही, एकशे तीस. मी मनात बेरीज केली, साडेतीनशे. फार तर तोळ्याचा भाव असेल, दीडदोन हजारांत भागेल. वजन तो काट्यावर करत होता पण काटा त्याच्या बाजूला होता, आणि प्रत्येक जिन्नस तोलला की लगेच खलबत्त्यात. शेजारी उभ्या त्या बाई सुनेचं कौतुक सांगत होत्या, त्यामुळे माझं अर्धं लक्ष तिकडे. सगळं कुटून झालं, माझ्याच तेलात कालवून झालं, आणि मग त्यानं कागद पुढे केला. माका शंभर ग्रॅम, दोन हजार. जटामांसी पन्नास ग्रॅम, तीन हजार. भस्म चाळीस ग्रॅम, पाच हजार सहाशे. ते मूळ साठ ग्रॅम, सात हजार आठशे. भाव ग्रॅमचा होता.

मी नको म्हटलं. "कुटलेलं औषध परत होत नाही, मॅडम. हे आता मी कोणाला विकू?" आवाज चढला. दारात दोन माणसं येऊन उभी राहिली. मी मागे वळून बघितलं तर मेथीवाल्या बाई नव्हत्या. पर्समध्ये तीन हजार होते ते दिले, उरलेले पंधरा हजार चारशे क्यूआर कोडवर भरले. पैसे एका माणसाच्या वैयक्तिक नावावर गेले. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल हवं तर अठरा टक्के जीएसटी वर लागेल. मी डबा घेऊन बाहेर पडले. त्या क्षणी मला फक्त तिथून निघायचं होतं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच आहे. माक्याचं तेल कसं होतं हे मी लहानपणापासून बघितलेलं आहे. आजी ओढ्याकाठचा ताजा माका आणायची, रस काढायची, थोडा वाटलेला लगदा घालून मंद आचेवर तासन्‌तास तेल कढवायची. शास्त्रातलं प्रमाण एक भाग लगदा, चार भाग तेल, सोळा भाग रस किंवा काढा असं आहे, आणि तेल झालं की नाही ते कळतं लगद्याची वात करून विस्तवावर धरल्यावर: चरचर आवाज आला तर पाणी अजून शिल्लक आहे. वाळकी मुळं कच्च्या खोबरेलात कालवणं म्हणजे सिद्ध तेल नव्हे. हे मला ठाऊक होतं. तरी त्या बरण्यांसमोर मी गप्प राहिले.

पैसे गेलेच होते, म्हणून तेल लावलं. आठव्या दिवशी डोक्याची आग व्हायला लागली, कपाळाच्या कडेनं बारीक फोड आले. तेव्हा कुठे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दोन बोटांत थोडे केस धरून हलकेच ओढून पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला का?" डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यातले बहुतेक वाढत असतात, थोडे विश्रांतीत असतात. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, कडक डाएट, असा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. मुळं शाबूत असतात आणि बहुतेकांचं गळणं सहाएक महिन्यांत आपोआप थांबतं. त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि फेरिटिन तपासायला सांगितलं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, माझा नऊ निघाला, म्हणजे रिकामाच. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मे महिन्यात भांगाच्या कडेनं बोटभर नवे केस उभे राहिलेले दिसले.

यातून मला उमगलेली गोष्ट अशी. फोड आले नसते तर मी ते तेल मेपर्यंत लावत राहिले असते, आणि नवे केस दिसल्यावर देवाशपथ सांगितलं असतं की तेलानं गुण आला. चार मैत्रिणींना त्या दुकानाचा पत्ता दिला असता. तापानंतरचे किंवा बाळंतपणानंतरचे केस बहुधा परत येणारच असतात, म्हणून त्या काळात जे काही विकाल ते लागू पडल्यासारखं दिसतं. डोक्यावर चाई पडली असेल किंवा घराण्यातलं टक्कल असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही आधी कारण कळलं पाहिजे.

आयुर्वेदावर माझा राग नाही. खऱ्या वैद्यांकडे मी आजही जाते. ते नाडी बघतात, पाळी, झोप, पोट विचारतात, आणि त्यांचा महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो. त्या दुकानात मला एकानंही वय विचारलं नव्हतं. बाजारातल्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख छापणं सक्तीचं आहे. आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या 'जे' (J) या अनुसूचीत ज्या दुखण्यांवर 'बरं करतो' असा दावा औषधानं करायचाच नाही अशी यादी आहे, तिच्यात टक्कल आणि नवे केस उगवणं दोन्ही आहे. म्हणजे 'नवे केस उगवतील' असा दावा औषधानं करायचाच नाही.

पुढे मी एका काष्ठौषधीच्या जुन्या दुकानात भाव विचारला. माक्याची शंभर ग्रॅम पूड पन्नास रुपयांच्या आसपास मिळाली. जटामांसी हिमालयातून येते, महाग असते, पण तीसुद्धा त्या भावाच्या जवळपास नव्हती.

महिन्याभरानं नवऱ्याला घेऊन त्या गल्लीत गेले तर शटर बंद, पाटी काढलेली. शेजारच्या टपरीवाल्यानं सांगितलं, असे लोक दोन-तीन महिने गाळा भाड्यानं घेतात आणि पुढच्या भागात जातात. तेव्हा मी तक्रार केली नाही. हीच माझी खरी चूक.

कोणी रस्त्यात तुमच्या केसांवरून, वजनावरून, गुडघ्यांवरून बोलायला लागलं तर पत्ता घेऊ नका. दुकानात गेलाच असाल तर कुटायच्या आधी भाव कशाचा आणि एकूण किती, हे कागदावर लिहून मागा. खलबत्त्यात पडलं म्हणून तुमच्यावर घेण्याची सक्ती होत नाही. दार अडवलं तर तिथूनच ११२ लावा. पैसे गेले असतील तर क्यूआरचा स्क्रीनशॉट आणि डबा टाकू नका, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि पोलिसांकडे, तसंच अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्या. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे.

सोमवारी काकू आणि मी दोन्ही डबे घेऊन चौकीत गेलो. मेथीची जुडी काकूंनाही आठवत होती, फक्त त्यांच्या वेळी ती कोथिंबीर होती. साहेबांनी दोन्ही अर्ज घेतले, शिक्का मारून पोच दिली, आणि म्हणाले की दोन खाती वेगवेगळ्या नावांची आहेत, असे आणखी अर्ज आले तर एकत्र तपास करता येईल. पुण्यात कोणाच्या घरी असा बिनानावाचा पांढरा डबा असेल, तर तो घेऊन आपल्या जवळच्या चौकीत जा. दीड वर्षानंतरही अर्ज घेतात.