मेसालामाइनच्या गोळ्या: औषध एकच, उघडण्याची जागा वेगळी

अल्सरेटिव्ह कोलायटिसचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा होण्याच्या आजाराचं, निदान झालं की चिठ्ठीवर पहिलं नाव बहुतेक वेळा मेसालामाइनचंच असतं. युरोपातून आलेल्या पाकिटावर त्यालाच मेसालाझिन म्हणतात. केमिस्टकडे मेसाकॉल, मेसाकॉल ओडी, पेंटासा, शिवाय स्वस्तातलं साझ अशी नावं पुढे येतात आणि ‘सगळं एकच आहे, कोणतीही घ्या’ असा सल्लाही मिळतो. आतलं कामाचं औषध एकच, हे खरं. पण गोळी आतड्यात कुठे आणि कशी उघडते ते प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि जास्तीचे पैसे आपण त्यासाठीच मोजतो.

मेसालामाइन रक्तातून काम करत नाही. मोठ्या आतड्याच्या सुजलेल्या अस्तराला ते आतून, प्रत्यक्ष लागावं लागतं. त्वचेवर मलम लागतं तसंच. साध्या गोळीत भरून दिलं तर लहान आतड्याच्या सुरुवातीलाच बरंचसं शोषलं जाईल, लघवीवाटे निघून जाईल आणि जखमेपर्यंत फारसं पोचणारच नाही. म्हणून या गोळीत वेष्टणाला औषधाइतकंच महत्त्व आहे.

सर्वांत जुनी युक्ती सल्फासालाझिनची. साझ म्हणजे तेच. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी 1940च्या सुमारास सांधेदुखीसाठी एक सल्फा औषध आणि सॅलिसिलेट (म्हणजे आजचं मेसालामाइन) एकत्र जोडलं. ही जोडणी मोठ्या आतड्यातले जिवाणूच तोडतात, त्यामुळे औषध आपोआप योग्य जागी मोकळं होतं. 1977 मध्ये आझाद खान, पिरिस आणि ट्रूलव्ह यांनी दोन्ही भाग एनिमातून वेगवेगळे देऊन पाहिले. गुण मेसालामाइनच्या भागाचा निघाला. सल्फाचा भाग मुख्यतः वाहक होता. मळमळ, डोकेदुखी, पुरळ हा बहुतेक त्रासही याच वाहकाचा.

तरी साझ मोडीत काढू नये. कोलायटिसबरोबर सांधे दुखत असतील आणि गोळी सोसत असेल, तर कमी खर्चात ही उत्तम निवड आहे. 500 मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून दोनदा, जेवणानंतर, अशी सुरुवात करून दर दोन-तीन दिवसांनी डोस वाढवला तर मळमळ बरीच टळते. सोबत फॉलिक अ‍ॅसिड हवंच, कारण हे औषध त्याचं शोषण अडवतं. लघवी केशरी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कॉन्टॅक्ट लेन्सवर मात्र कायमचा डाग पडू शकतो. मूल हवं असलेल्या पुरुषांनी डॉक्टरांना आधीच सांगावं: शुक्राणू कमी होतात, औषध बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. आणि हिशेब लक्षात ठेवा: 500च्या गोळीत कामाचं मेसालामाइन जेमतेम 200 मिलिग्रॅम असतं.

शुद्ध मेसालामाइनमध्ये पहिला प्रकार आम्लता ओळखणाऱ्या लेपाचा. परदेशातल्या एसाकॉलचा लेप पीएच (आम्लतेचं माप) 7ला विरघळतो, सॅलोफाल्कच्या गोळीचा 6च्या आसपास. लहान आतड्याच्या शेवटी पीएच 7च्या वर जातो, म्हणून लेप तिथे सुटतो. दुसरा प्रकार पेंटासाचा. ही गोळी 50 मिली थंड पाण्यात टाकून ढवळली तर काही वेळात तिचे बारीक दाणे सुटे होतात. प्रत्येक दाण्यावर एथिलसेल्युलोजचं वेगळं आवरण असतं. औषध लहान आतड्यापासूनच झिरपू लागतं आणि गुदाशयापर्यंत झिरपत राहतं, आम्लतेवर अवलंबून नसतं. गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी हे वरदानच: ढवळा आणि लगेच प्या, फक्त दाणे चावू नका. तिसरा प्रकार एमएमएक्स: 1.2 ग्रॅमची मोठी गोळी, बाहेर आम्लतेचा लेप आणि आत औषध हळूहळू सोडणारा गाभा. ती जेवणाबरोबर घ्यायची असते. उपवासाच्या दिवशी निदान फराळासोबत घ्या, निरंकार पोटी नको.

मग कोणती चांगली? समान मात्रेत तुलना केल्यावर या प्रकारांत मोठा फरक दिसलेला नाही. आमचं मत स्पष्ट आहे: जी गोळी वर्षानुवर्षं न चुकता घेतली जाईल, ती निवडा. इथे आकडेमोड उपयोगी पडते. 2.4 ग्रॅमसाठी 400च्या रोज सहा गोळ्या लागतात, म्हणजे महिन्याला 180. 800च्या तीन लागतात, 1.2 ग्रॅमच्या दोनच. आजार भडकलेला असताना डोस 2.4 ते 4.8 ग्रॅम असतो आणि शांत असताना किमान 2 ग्रॅम. पूर्ण डोस दिवसातून एकदाच घेतला तरी दोन-तीन वेळा विभागून घेण्याइतकाच गुण येतो. सकाळ-दुपार-संध्याकाळचं वेळापत्रक सांभाळताना दुपारची गोळीच नेमकी राहून जाते. ब्रँड बदलताना गोळ्यांची संख्या नव्हे, मिलिग्रॅम जुळवा. ‘दोन गोळ्या’ लिहिलंय म्हणून 1.2च्या जागी 400च्या दोन घेतल्या तर डोस थेट तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

गोळी ‘लागू पडत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा उपचार अर्धाच झाल्यामुळे असते. गुदाशय आणि डावीकडचं आतडं सुजलेलं असेल तर तोंडाची गोळी आणि रात्रीचा एनिमा ही जोडी नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरते. फक्त गुदाशयच सुजला असेल तर रोज रात्री 1 ग्रॅमची सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची गोळी) हेच पहिलं औषध. संकोचापोटी अनेकजण ते नाकारतात आणि वर्षभर रक्त जातच राहतं, याचं खरंच वाईट वाटतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण शांत व्हायला आठही. चौथ्या दिवशी निर्णय करू नये.

गोळी कुटून मधातून देऊ नका, तोडू नका. लेप फुटला की सगळं मुसळ केरात. लेपवाली गोळी आम्लपित्ताच्या औषधासोबत एकाच वेळी घेऊ नये, कारण लेप वेळेआधी विरघळू शकतो. शौचात रिकामं कवच दिसलं तर चिंता नको, आतलं औषध सुटलेलं असतं. पण अख्खी, टणक गोळी वारंवार पडत असेल तर ती उघडतच नाहीये. तेव्हा डॉक्टरांना सांगून प्रकार बदलून घ्या. जुलाब जोरात असताना हे जास्त घडतं. डोकं किंवा पाठ दुखते म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नका, त्यानं आतडं पुन्हा भडकू शकतं, पॅरासिटामॉल बरं.

सर्वांत महाग पडते ती बरं वाटल्यावर गोळी सोडण्याची चूक. आजार शांत असलेल्या 99 रुग्णांवरचा शिकागोचा 2003चा अभ्यास सांगतो, की गोळ्या नीट न घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका पाचपटींहून जास्त होता. महिन्याच्या गोळ्या वाचवून पुढे स्टेरॉइडची वेळ आणणं हा तोट्याचाच व्यवहार.

मूत्रपिंडावर दुष्परिणाम क्वचितच होतो, पण सुरुवातीला त्याची लक्षणं जाणवत नाहीत. म्हणून सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं), पुढे काही महिन्यांनी आणि मग दरवर्षी तपासावं. ही साधी तपासणी चिठ्ठीवर नसेल तर स्वतःहून विचारा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर हे औषध घेऊ नये.

आणखी एक गोष्ट ओळखायला कठीण आहे. काही थोड्या रुग्णांत मेसालामाइनच जुलाब, रक्त, पोटदुखी आणि ताप वाढवतं, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. चित्र हुबेहूब आजार भडकल्यासारखं दिसतं, त्यामुळे डोस वाढवला जातो आणि त्रास आणखी वाढतो. गोळी सुरू केल्यानंतर प्रकृती सुधारण्याऐवजी घसरली असेल तर सुरू केल्याची तारीख आणि त्रास वाढल्याची तारीख कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांच्या देखरेखीत औषध थांबवल्यावर काही दिवसांतच फरक पडला, तर दोष गोळीचा, आणि मग ब्रँड बदलूनही उपयोग नाही. औषधाचा वर्गच बदलावा लागतो.